हिऱ्यातील दोष आणि लेखांतील दोष

क्वांटम इंटरनेटविषयी मराठीत आता बरेच लिहिले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र एका हिऱ्यातील बदल दूरच्या दुसऱ्या हिऱ्याला तत्क्षणी कळतो, अशा अर्थाचे वाक्य या लेखांत वारंवार आढळते. आमचा आक्षेप त्याला आहे. कारण तेच पुढे वर्गातल्या फळ्यावर जाते.

मूळ कल्पना अशी. हिऱ्याच्या स्फटिकात एका कार्बन अणूच्या जागी नायट्रोजन असेल आणि शेजारची जागा रिकामी असेल, तर त्या दोषातील इलेक्ट्रॉनांचा स्पिन माहिती धरून ठेवू शकतो. दोन ठिकाणच्या अशा हिऱ्यांतून निघालेले फोटॉन मधल्या जागी एकत्र आणतात. कोणता फोटॉन कुठून आला हे ओळखता येणार नाही अशा रीतीने त्यांची नोंद झाली, की दोन्ही स्पिन परस्परांत गुंततात.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे 2015 साली सुमारे 1.3 किलोमीटर अंतरावर हे साधले. पण 220 तासांत यशस्वी नोंदी झाल्या अवघ्या 245. लेखांत हा आकडा सहसा नसतो, आणि खरे विज्ञान तर त्यातच आहे. हिऱ्यातून निघणारा तांबडा प्रकाश काचतंतूत झपाट्याने क्षीण होतो. एका किलोमीटरअखेर शंभरांतले सुमारे सोळाच फोटॉन उरतात. आमच्या विष्णुपुरीपासून नांदेड शहर साधारण दहा किलोमीटर धरा. इथून दहा कोटी फोटॉन सोडले, तर तिथे सरासरी एक पोचेल! म्हणूनच डेल्फ्ट व हेग जोडताना फोटॉनची तरंगलांबी बदलून ती अवरक्त करावी लागली. त्या प्रयोगाचा निबंध 2024 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता ‘तत्क्षणी’विषयी. प्रत्येक टोकाला मिळणारे उत्तर यादृच्छिक असते, नाणे उडवल्यासारखे. दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच त्यांतील मेळ दिसतो, आणि त्या नोंदी पाठवायला नेहमीचाच संदेशमार्ग लागतो. प्रकाशाहून वेगाने निरोप जात नाही.

अचंबा वाटावा असे या विषयात पुष्कळ आहे. त्यासाठी चुकीच्या विधानाची गरज नाही. शिक्षकांनी दहावीच्या मुलांना 0.16 चा दहावा घात काढायला सांगावा. दहा किलोमीटर हे अंतर केवढे मोठे आहे, ते त्यांना आपोआप कळेल.