सतत गैरहजर

दलित साहित्याची समीक्षा आजवर एक प्रश्न हक्काने विचारत आली : हे कोणी लिहिले? आता दुसराही विचारला पाहिजे : कोणाला लिहिताच आले नाही?

हा प्रश्न मला एका शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडला. जात पडताळणीसाठी वडिलांच्या शाळेचा उतारा हवा होता. तो आणायला मी यवतमाळहून पैनगंगेपलीकडे, नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी गेलो. दाखल-खारीज रजिस्टरात वडिलांचे नाव होते, जात होती, इयत्ता तिसरी होती. शाळा सोडल्याच्या कारणापुढे चारच शब्द : 'सतत गैरहजर, नाव कमी.' साल १९७८.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. असंख्य कुटुंबे गाव सोडून पळाली. त्यांत आमचेही होते. आजोबा पोरांना घेऊन नदी ओलांडून उमरखेडकडच्या नातेवाइकांकडे आले. इथल्या शाळेने दाखला मागितला. दाखला त्याच गावात होता जिथे घर जाळले गेले होते. आजोबा परत गेले नाहीत. वडील गुरांमागे गेले.

मी तो शेरा वाचून दाखवला तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "आम्ही कुठं गेलो ते मास्तरला ठावं होतं."

समीक्षकाने हे चार शब्द एखाद्या कथेइतक्या काळजीने वाचावेत. 'गैरहजर' म्हटले की दोष मुलाचा ठरतो. जाळणारा, बघत राहणारा आणि दाखल्यासाठी अडवणारा, तिघेही त्या वाक्यातून सहीसलामत सुटतात.

या शेऱ्याला आपल्या साहित्याने उत्तर दिले काय? 'बलुतं' १९७८ सालीच आले, 'उपरा' १९८० साली. कैकाडी बिऱ्हाडासोबत गावोगाव फिरणाऱ्या मुलाच्या शाळेची ओढाताण 'उपरा'ने मराठी वाचकापुढे मांडली. हे ऋण मोठे आहे. पण आत्मकथन लिहितो तो अखेर शाळेत टिकलेला मुलगा. जो टिकला नाही त्याचे पुस्तक नाही. नामांतराच्या कवितेने शहिदांना आणि लढणाऱ्यांना स्थान दिले, ते योग्यच झाले. माझ्या वाचनात मात्र विस्थापित मूल तिथे बहुधा आईच्या कडेवर रडताना येते. त्याची इयत्ता कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे नोंदवही नव्हे. कबूल. पण नोंदवहीच खोटे बोलते तेव्हा तिला उत्तर कोणी द्यायचे?

देशांतर्गत विस्थापितांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९९८ साली संयुक्त राष्ट्रांपुढे आली. हरवलेल्या कागदांसाठी माणसाला मूळ गावी परतण्याची सक्ती करू नये, असे त्यांतले विसावे तत्त्व सांगते. तेविसावे विस्थापित मुलांच्या शिक्षणाचे आहे. ती सरकारवर बंधनकारक नाहीत. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा बंधनकारक आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे त्याचे पाचवे कलम म्हणते. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वडिलांच्या बाबतीत बत्तीस वर्षे उशिरा!

प्रश्न जुना झालेला नाही. त्याच पैनगंगेवरच्या निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतली गावे येतात. गावासोबत शाळा उठेल तेव्हा भूमिहीन मजुराच्या पोराच्या नावापुढे कोणता शेरा पडेल?

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवतो. मराठवाड्यातल्या गावशाळांची १९७८-७९ ची रजिस्टरे पाहा. 'सतत गैरहजर' शेऱ्यापुढची आपली नावे उतरवा. त्यांतली जी माणसे आज हयात आहेत त्यांच्याकडे जा, ती बोलतील तसे लिहून घ्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी लागले. शाळेतून कमी केलेली ही नावे अजून परत लागायची आहेत.