पंचामुखी परमेश्वर?

चंद्रपूर व गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, असा हिवाळ्याचा क्रम आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरात मुभा मिळाली व २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदा ग्राह्य ठरला, तेव्हा पट पुन्हा रीतसर भरू लागले. निकालावरून कुरबूर झाली की कोणी वडीलधारा 'पंचामुखी परमेश्वर' म्हणून ती मिटवू पाहतो. ही म्हण येथे तपासावयाची आहे.

ती जन्मली गावपंचायतीत. तेथे तोंडे पाच होती. एकाचे चुकले तर दुसरा टोकीत असे, आणि त्या टोकाटोकीतून जे उरे त्यास लोक परमेश्वर म्हणत. मैदानावरील पंचास विचार करावयास पळभरही मिळत नाही, पुष्कळदा सोबतीही नसतो. परमेश्वरपण मात्र त्यास पाचांचे लाभते!

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे चीत झाल्याचा निर्णय देऊन पृथ्वीराज मोहोळ यांस विजयी ठरविण्यात आले. आपले खांदे टेकलेच नाहीत, चित्रण पाहावे, असे राक्षे यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. पुढे पंचाची गचांडी धरली गेली, लाथ मारली गेली; राक्षे यांजवर, तसेच अंतिम कुस्तीत वाद घालून आखाडा सोडणाऱ्या महेंद्र गायकवाड यांजवरही, तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन कोणी करू नये. परंतु शिक्षेच्या गलबल्यात, खांदे टेकले होते की नाही, हा मूळ प्रश्न मागे पडला. आणि दाद मागण्याची वाट नसली म्हणजे माणूस काय करतो, हा तर कोणी विचारलाही नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून १९८० चा मुंबईचा कसोटी सामना सांगतात. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले असता पंचाने बॉब टेलर यांस झेलबाद ठरविले. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी अपील मागे घेऊन त्यांस परत बोलाविले. टेलर व बोथम यांनी १७१ धावांची भर घातली, आणि भारत दहा गड्यांनी हरला. कृती थोर खरी. पण तो न्याय नव्हे, औदार्य होय. कर्णधार दुसरा असता तर टेलर मुकाट्याने तंबूत गेले असते.

यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. १९९२ साली डर्बन येथे दूरचित्रवाणी पाहून पहिल्याने बाद ठरलेला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. तेथे मोल यंत्राचे जितके, तितकेच आपल्या डोळ्याविषयी शंका घेऊन दुसऱ्यास विचारणाऱ्या मैदानावरील पंचाचे.

खेड्यातील पटास असा खर्च कोठून परवडणार? तरी शेवटच्या रेषेच्या दोन्ही अंगांस दोन वेगवेगळ्या गावांचे निरीक्षक बसविता येतील, आणि त्यांचे एकमत न झाल्यास धाव पुन्हा घेता येईल. बैल दमलेले असतात, ही अडचण खरी. मग ती संध्याकाळी घ्यावी. नाटक सुरू होण्यास तसाही अवकाश असतो.