व्हायोलिनचे मास्तर पारखताना

मुलीला व्हायोलिन शिकवायचं ठरलं की आपण आधी फी विचारतो, मग क्लासची वेळ, आणि शेवटी हळूच, “गॅदरिंगपर्यंत एखादं गाणं बसेल ना?” मास्तर शिकवतात कसे, हे कुणी विचारत नाही. या वाद्याच्या बाबतीत खरं तर तोच पहिला प्रश्न. पेटीची पट्टी दाबली की सूर तयार. सतारीला निदान पडदे तरी असतात. व्हायोलिनला तेही नाहीत. बोट केसभर सरकलं की सूर ढळतो, आणि ढळलेला कानाला कळला नाही, तर बोट जाग्यावर यायचं कसं? म्हणून शिकवणी पारखायची ती एवढ्यावरच: मास्तर आधी कान तयार करतात, की नुसती बोटं?

गोव्याची जुनी रीत बघा. तिथल्या चर्चच्या शाळांत वाद्य हाती देण्याआधी स्वरलिपी वाचून गायला लावत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्याच परंपरेतले. मुंबईत त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं, आणि शिष्यानं १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचं नाव घराघरांत पोचवलं. या रीतीनं मूल समोर कागद ठेवला की वाजवू लागतं, दहा जणांत मिसळून वाजवतं. पण आपल्या भजनातली मींड, स्वराचं ते झुलणं, कागदावर पुरतं उतरत नाही.

ते येतं गळ्यातून. गजाननराव जोशी (१९११–१९८७) आधी गवई, मग व्हायोलिनवादक. एन. राजम यांना वडिलांकडून कर्नाटक पद्धतीची तालीम मिळाली होती, तरी पुढे त्या शिकल्या ओंकारनाथ ठाकूर या गायकाकडे, आणि गाण्याची सगळी चाल गजात उतरवली. त्यांची मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी-नंदिनी, दोन्ही पिढ्यांत ती विद्या आईकडून मुलीकडे आली. या रीतीची उणीव एकच, तिला सहवास लागतो. आठवड्यातल्या एका तासात ती बसत नाही.

तिसरी रीत जपानच्या शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांची. मूल मातृभाषा ऐकून शिकतं, तसंच संगीतही शिकेल, हा त्यांचा विचार. रोज ऐकायचं, छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, कौतुक करायचं, वाचन नंतर. आणि आईनं शिकवणीला सोबत बसायचं, सुरुवातीला स्वतःही थोडं वाजवायला शिकायचं. मला हे पटतं, पण एक खटकतंही. आईला ही फुरसत आहे, हे इथे धरूनच चाललंय. स्वयंपाक, दुकान, सासूबाईंचं औषधपाणी सांभाळून ती बसणार कधी? बाबांनी बसलं तर कुठे बिघडलं? ऐकणं मात्र पोळ्या लाटतानाही होतं. तेवढ्यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

व्हायोलाचं वेगळं काय सांगू? तो जरा मोठा, पंचमाच्या अंतरानं खाली लागणारा. बहुतेक मुलं व्हायोलिनवरूनच त्याच्याकडे वळतात, त्यामुळे पारख तीच.

आता आपल्याकडचं. डोईफोडियासारख्या गावात राहून हे वाद्य शिकायचं, तर बऱ्याचदा मोबाईलवरच्या शिकवणीचाच आधार. पडद्यावर बोट दिसतं, पण स्वराचा बारीक फरक नीट पोचत नाही. शिवाय मुलाचं व्हायोलिन तिकडच्या मास्तरांना लावून देता येत नाही. म्हणजे घरातल्या कानावरच भार जास्त. अशा वेळी गाणं ‘बसवून देणारे’ मास्तर फार महाग पडतात. चार महिन्यांत एक गाणं येतं, टाळ्याही पडतात, आणि पाचवं गाणं पुन्हा पहिल्यासारखंच कोरं. मूल कंटाळतं आणि आपण म्हणतो, हिला गोडीच नाही!

म्हणून मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी एक शिकवणी बसून बघा. मास्तर मुलीला तो सूर आधी गायला लावतात का? पट्टीवर खुणेची चिकटपट्टी लावली असेल, तर ती कधी काढणार, ते सांगतात का? चुकल्यावर बोट धरून सरकवतात, की “ऐक बरं, कुठे गेला?” असं विचारतात? आणि उरलेले सहा दिवस घरी काय करायचं, हे नेमकं सांगतात का? या चारांपैकी तीन उत्तरं मनासारखी मिळाली, तर फी थोडी जास्त असली तरी तिथेच घाला.