ग्रीन्सबरोचा मद्यविषयक ठराव आणि बॅप्टिस्ट स्वातंत्र्य : एक समीक्षा

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतील मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने २००६ साली नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील अधिवेशनात मद्यविषयक ठराव संमत केला. तो व्यसनमुक्तीचा दस्तऐवज म्हणून वाचला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे खरे लक्ष्य मद्य नसून विश्वस्तपदे आहेत.

ठरावाचा पूर्वार्ध अपघात, कुटुंबांची वाताहत आणि व्यसनाधीनता यांचा दाखला देतो. हे दुष्परिणाम कोणी नाकारणार नाही. परंतु शास्त्राधार म्हणून नीतिसूत्रे २३ मधील ज्या उताऱ्याकडे बोट दाखविले आहे, तेथे झिंगून भान हरपलेल्या माणसाचे चित्र आहे. मद्यपीपणाविरुद्धचा हा इशारा प्रत्येक पेल्याच्या निषेधापर्यंत ताणण्यासाठी गालीलातील काना येथील लग्न आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा पौलाने दिलेला सल्ला यांची वासलात लावावी लागते. ठराव तसे करीत नाही. त्यांचा उल्लेखच टाळतो. (मराठी वाचकाला ही अडचण सहसा जाणवत नाही, कारण आपल्या बायबलमधील 'द्राक्षारस' हा शब्द आधुनिक कानाला निव्वळ फळाच्या रसासारखाच वाटतो.) प्रभुभोजनात न आंबविलेला रस वापरण्याची सोय तरी कोठे फार प्राचीन आहे? थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने १८६९ साली द्राक्षांचा रस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली, त्यानंतरची ती गोष्ट.

याउलट, जे धर्मनेते मद्यसेवनाला मुभा देतात, ते 'ख्रिस्तातील स्वातंत्र्या'चा चुकीचा अर्थ लावतात, असे मात्र ठराव ठामपणे म्हणतो. येथे मतभेदाचे रूपांतर दोषारोपात होते.

अर्थात, या कडकपणाला पूर्वपीठिका आहे. दारूचे उत्पादन वा विक्री करणाऱ्यास मंडळीच्या सहभागितेत ठेवू नये, असे कन्व्हेन्शनने १८९६ सालीच म्हटले होते. मद्य पिणाऱ्या सदस्यालाही तसेच सहभागितेत ठेवू नये, असेही त्यात होते. २००६ चा ठराव मद्य घेणाऱ्या कोणासही कन्व्हेन्शनच्या विश्वस्तपदी किंवा समितीवर निवडू नये, असे आवाहन करतो. हे कलम वाचल्यावर पूर्वार्धातील अपघातांची यादी केवळ प्रस्तावना वाटू लागते. असे ठराव मंडळ्यांवर बंधनकारक नसतात हे खरे. पण निवड करणाऱ्या समित्यांना संकेत पुरेसा असतो.

काळ पाहता हा संशय बळावतो. १९७९ पासून पुराणमतवादी गटाने अध्यक्षपदाच्या नेमणुकांमार्फत विश्वस्त मंडळे क्रमाने ताब्यात घेतली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मिशन मंडळाने खासगीत अन्य भाषांतून प्रार्थना करणाऱ्यांना मिशनरी म्हणून न नेमण्याचे ठरविले. ओक्लाहोमातील पाळक व विश्वस्त वेड बर्लेसन यांनी त्यावर जाहीर टीका केली, तेव्हा जानेवारी २००६ मध्ये सहविश्वस्तांनी त्यांनाच हटविण्याची शिफारस केली. ती पुढे मागे घेतली गेली. बर्लेसन स्वतः बायबलच्या निर्दोषत्वावर विश्वास ठेवणारे होते. म्हणजे उदारमतवादी बाहेर गेल्यानंतर आता कसोटी सनातन्यांनाच लावली जात होती. तीही कोणत्या आधारावर? २००० सालच्या 'बॅप्टिस्ट श्रद्धा व संदेश' या अधिकृत विश्वासपत्रात मद्याचा शब्दही नाही.

कर्मठपणा म्हणतात तो हाच : शास्त्राने न घातलेली अट शास्त्राच्या नावाने घालणे. आणि ज्या परंपरेत प्रत्येक मंडळी स्वायत्त, प्रत्येक आत्मा देवापुढे स्वतः उत्तरदायी, तिच्यात तो अधिक बोचतो. अधिवेशनाला येणाऱ्यांना बॅप्टिस्ट 'प्रतिनिधी' न म्हणता 'संदेशवाहक' म्हणतात, कारण मंडळी आपला अधिकार कोणाच्या हाती सोपवीत नाही.

विरोधकांचे म्हणणे अगदीच वाया गेले नाही. २००७ मध्ये सॅन अँटोनियो येथे अधिवेशनाने विश्वासपत्र हेच विश्वस्तांना मार्गदर्शनास पुरेसे आहे, या आशयाचे निवेदन स्वीकारले. २०१५ मध्ये मिशन मंडळाने प्रार्थनेविषयीची ती अट शिथिल केली. मद्याच्या ठरावाला मात्र कोणी हात लावला नाही. सार्वजनिक व्यासपीठावर संयमाविरुद्ध मत देताना दिसणे कोणत्या पाळकाला परवडणार?