बीहडातील धाव : 'पानसिंह तोमर' या चित्रपटाचा विचार

अमेरिकन चित्रपटातील बंडखोर जेथे उभा असतो, तेथे कायदा अद्याप पोहोचलेला नसतो. आगगाडी येते, तारेची कुंपणे पडतात आणि त्याचे युग सरते. १९६९ सालच्या 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' या चित्रपटातील दोघे लुटारू अखेर बोलिव्हियात जाऊन पोहोचतात, ते मोकळी भूमी संपत आल्यामुळेच. आपल्याकडील बंडखोराची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याच्या गावात पटवारी आहे, ठाणे आहे, कलेक्टरही आहे. ही सारी व्यवस्था असूनही ती त्याच्यापुरती मुकी राहते, तेव्हा तो घराबाहेर पडतो. म्हणूनच चंबळच्या खोऱ्यातील माणूस स्वतःला डाकू म्हणवीत नाही, 'बागी' म्हणवितो. तिग्मांशू धुलिया यांनी दिग्दर्शित केलेला आणि २०१२ साली प्रदर्शित झालेला 'पानसिंह तोमर' हा हिंदी चित्रपट या एका शब्दाचे भाष्य आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

उज्जैनच्या मराठी रसिकाला हा विषय परका वाटू नये. आपली क्षिप्रा ज्या चंबळेला जाऊन मिळते, तिच्याच खालच्या खोऱ्यात ही कथा घडते. आणि १९४८ साली मध्यभारत राज्य निर्माण होईपर्यंत उज्जैन व मुरैना ही दोन्ही शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातच होती.

कथानायक काल्पनिक नाही. पानसिंह हा लष्करातील जवान; स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत सात वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला, १९५८ सालच्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारतातर्फे धावलेला. १९८१ च्या ऑक्टोबरात तो पोलिसांच्या गोळीला बळी पडला. चित्रपटात तो खेळाकडे वळतो तो कीर्तीसाठी नव्हे; खेळाडूला पोटभर खावयास मिळते म्हणून. हा प्रसंग विनोदी आहे आणि विदारकही. इरफान खान यांचा अभिनय याच दुहेरी सुरावर तोललेला आहे. त्यांचा पानसिंह गर्जना करीत नाही. पत्रकाराला आपली हकीकत सांगताना तो थट्टा करतो, आणि त्या थट्टेखालचा घाव आपल्याला हळूहळू जाणवू लागतो.

तीन हजार मीटरांच्या त्या शर्यतीत अठ्ठावीस अडसर आणि सात वेळा पाण्यावरील उडी असते. दिग्दर्शकाने हे रूपक कोठेही शब्दांत सांगितलेले नाही, हा त्याचा संयम. मैदानावरील अडथळे मोजलेले असतात. ते ओलांडले की शेवटची रेषा निश्चित येते. जमिनीच्या भांडणातील अडथळ्यांना मात्र ना संख्या, ना शेवट. पदके घेऊन ठाण्यात गेलेल्या पानसिंहाची तेथे अवहेलना होते, तेव्हा राष्ट्राने दिलेला मान गावाच्या वेशीशी येऊन निरर्थक ठरतो. पुढे तो आपल्या वैऱ्याला, भंवरसिंहाला, धावतच गाठतो. वैरी मरतो, पण 'हे असे का झाले' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. सूडकथेचा शेवट समाधानात करण्याची आपल्या चित्रपटांची रूढी येथे मोडली आहे, आणि चित्रपटाचे खरे मोठेपण येथेच आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ सालच्या 'फकिरा' या कादंबरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोघांतील अंतर लक्षात घ्यावयास हवे. फकिराच्या बंडामागे उपाशी समाज उभा आहे आणि समोर परकी सत्ता आहे. पानसिंहासमोर मात्र स्वकीयांचेच राज्य आहे, आणि ज्या राज्याचा गणवेश त्याने अभिमानाने अंगावर घातला, त्याच्याशीच त्याला लढावे लागते. फकिराच्या वाट्याला वीरगाथा आली. पानसिंहाच्या वाट्याला शोकांतिका.

चित्रपट निर्दोष नाही. बागीच्या बंदुकीने ज्यांची घरे उजाड झाली, त्यांचे दुःख येथे पुरेसे उभे राहत नाही. पत्नी इंद्रा ही व्यक्तिरेखाही पुसटच राहिली आहे. नवरा बीहडात गेल्यावर मागे उरलेल्या स्त्रीचे काय होते, हा प्रश्न दिग्दर्शकाने हाती घेतला असता, तर शोकांतिकेला अधिक खोली लाभली असती. नायकाविषयीच्या सहानुभूतीपायी न्यायाचा काटा किंचित ढळला आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु शेवटी पडद्यावर उपेक्षित खेळाडूंची नावे येतात आणि चित्रपटाचा रोख एका टोळीपलीकडे जातो. त्यांत कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव आहेत. आणि आपल्या माळव्यातील महूचे हॉकीपटू शंकर लक्ष्मणही आहेत. या दोघांनी बंदूक हाती घेतली नाही. म्हणूनच ती नावे वाचताना मनात येते की, अन्यायाचा हिशेब केवळ बंड करणाऱ्यांचाच ठेवणारा समाज, मुकाट्याने सोसणाऱ्यांचे ऋण कधी फेडणार आहे?