लपलेली की लपविलेली? : ‘सांगत्ये ऐका’ची फेरतपासणी

हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्याआधी ते ‘माणूस’मध्ये प्रसिद्ध झाले होते. बाईंनी सांगितले आणि अरुण साधूंनी ते लिहून काढले. पुस्तक आल्यानंतर वर्षभरातच, १९७१ साली, बाई गेल्या. तेव्हापासून आजतागायत मराठी समीक्षेने ह्या पुस्तकाला दोनच विशेषणे लावलेली आहेत : ‘धीट’ आणि ‘प्रांजळ’. ही दोन्ही विशेषणे वरवर गौरवाची दिसतात. प्रत्यक्षात ती पुस्तकाला बाजूला सारतात. एखाद्या बाईने आपल्यावर झालेल्या अन्यायाची हकिगत सांगावी आणि ऐकणाऱ्याने ‘काय धीटपणे बोललात!’ म्हणून टाळी द्यावी, म्हणजे हकिगतीला उत्तर देण्याची जबाबदारी आपोआप टळते. पांढरपेशा समीक्षेने नेमके हेच केले. तिने बाईंचा सूर तपासला, त्यांची तक्रार मात्र वाचली नाही.

ह्या लेखात त्या पुस्तकातील एकाच प्रकरणाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ऐन भरात असलेली ही नटी एके दिवशी घरातून निघून जाते आणि सुमारे तीन वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ती कुठे होती, का होती, आणि तिथून बाहेर पडताना तिचे काय झाले, हे तिने स्वतः सांगून ठेवले आहे. ते वाचताना एक प्रश्न विचारावा लागतो. बाई लपली होती, की तिला लपविले गेले होते?

१

जन्मनाव रतन साळगावकर. घराण्यात कलावंतिणींची परंपरा. लहानपणीच घर चालविण्यासाठी ती चित्रपटात आली आणि येताना नाव बदलून आली. घराण्याचे नाव पडद्यावर नको म्हणून ‘वाडकर’. लपण्याची सुरुवात ही अशी नावापासूनच झाली. जिच्या कमाईवर घर चालायचे तिचे नाव मात्र घराला लाज आणणारे, हा विरोधाभास आपल्या वाचकांना नवा नाही. मुरळीच्या, जोगतिणीच्या, कोल्हाट्याच्या पोरीच्या घरी तो रोजचाच आहे.

पुढे लग्न झाले तेही घराशी जुना परिचय असलेल्या माणसाशी. संसार करावा, काम सोडावे, ही तिची इच्छा होती. परंपरेतून सुटण्याचा तो एकच दरवाजा तिला ठाऊक होता. पण लग्नानंतरही तिने कामच करावे असे ठरले, कारण पैसा तिथूनच येत होता. काम करायला लावायचे आणि त्याच कामावरून संशय घ्यायचा, अशी ही दुहेरी पकड आहे. कोणाबरोबर बोललीस, उशीर का झाला, कोणाच्या गाडीतून आलीस. ज्याने विश्वासाने जवळ असावे तोच पहारेकरी होतो, तेव्हा घर आणि स्टुडिओ ह्यांतला फरक संपतो. अशाच एका भांडणानंतर बाई बाहेर पडली आणि एका परक्या माणसाबरोबर मराठवाड्यातील एका खेड्यात जाऊन पोहोचली. तो जमीनदार होता. त्याच्या घरात आधीच्या बायका होत्या, ही तिसरी. तिथे तिला मान मिळाला, स्वयंपाकघर मिळाले, मुले मिळाली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक मात्र मिळाली नाही. मुंबईत ती सर्वांच्या नजरेखाली होती, इथे ती कोणाच्याच नजरेस पडू नये अशी व्यवस्था होती. ह्या दोन्ही ठिकाणी तिच्यावर हक्क दुसऱ्याचाच होता.

शेवटी तिने कसेबसे पत्र धाडले आणि नवरा पोलीस घेऊन आला. सुटकेच्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. त्या सहीसाठी गेलेल्या बाईवर त्या अधिकाऱ्यानेच बलात्कार केला, असे हंसाबाई सांगतात. हे वाक्य पुस्तकात छापलेले आहे. ते १९७० सालापासून छापलेले आहे.

ह्या हकिगतीचे समीक्षेने काय केले? ‘वादळी जीवन’ म्हटले. वादळ निसर्गाचे असते, त्याला आरोपी नसतो. इथे आरोपी आहेत, त्यांचे व्यवसाय आहेत, अधिकार आहेत. जमीन आहे, कचेरी आहे, शिक्का आहे. ‘वादळ’ ह्या शब्दाने हे सारे पुसून टाकले जाते.

२

श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ह्या आत्मकथनाच्या आधारे ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. वाड्यात कोंडलेल्या बाईची घुसमट त्या अभिनेत्रीने नुसत्या हालचालींतून उभी केली आहे. परंतु चित्रपटाने एक गोष्ट गाळली. न्यायदंडाधिकाऱ्याची घटना त्यात नाही. पोलीस येतात, बाई मोकळी होते, आणि प्रश्न पुन्हा बाई आणि पुरुष यांच्यातल्या नात्याचा होतो. शेवटी ती हॉटेलच्या खोलीत एकटी उरते. ‘स्त्रीचा स्वतःचा शोध’ असे समीक्षकांनी त्याचे वर्णन केले.

गाळलेली घटना हीच पुस्तकाचा कणा आहे. ती काढली की उरते ती एका अस्वस्थ मनाची कथा. ती ठेवली की दिसते ती व्यवस्था. नवरा, जमीनदार आणि न्यायदंडाधिकारी हे तीन वेगळे पुरुष असले, तरी बाईच्या बाबतीत त्यांचे गृहीतक एकच आहे : ही नाचणारी, पडद्यावर दिसणारी बाई, म्हणजे हिच्यावर कोणाचाही हक्क. म्हणून तिच्या मागे लागणे हा मागे लागणाऱ्याचा गुन्हा ठरत नाही. तिचे वेगळे होणे हाच तिचा गुन्हा ठरतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुस्तकाचे शीर्षक १९५९ सालच्या अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ ह्या चित्रपटावरून आले आहे. त्या चित्रपटात हंसाबाईंचे काम होते. पुण्यात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. गावच्या पाटलाने केलेला अत्याचार त्यात तमाशाच्या बोर्डावरून, साऱ्या गावासमोर, सांगितला जातो. तिथे बोर्ड हीच चावडी होते आणि नाचणारी साक्षीदार होते. प्रेक्षकांनी तो न्याय डोक्यावर घेतला. पण त्याच नटीने स्वतःच्या आयुष्यातील अत्याचार, तेच शब्द उच्चारून, पुस्तकात सांगितला तेव्हा समाज प्रेक्षकाच्या खुर्चीतून उठला नाही. पडद्यावरच्या पाटलाला शिक्षा व्हावी असे ज्यांना वाटले, त्यांना खऱ्या अधिकाऱ्याविषयी एक प्रश्नही पडला नाही.

३

ही गोष्ट एका नटीपुरती नाही. हंसाबाईंनी १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’त बयाची भूमिका केली. ब्राह्मण शाहीर आणि तमाशातील बाई अशी ती जोडी. मराठी मनाला ही जोडी फार प्रिय आहे. तिचे दुसरे रूप पठ्ठे बापूराव आणि पवळा. रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी असलेले बापूराव जात सोडून तमाशात आले, हा त्यांचा त्याग. पवळा संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाची, महाराची पोर, देवाला वाहिलेली. तिला सोडण्यासारखे काय होते? म्हणून तिच्या खात्यावर त्याग जमाच होत नाही.

दोघांचे बिनसले. पैशाची ओढाताण झाली तेव्हा पवळेला नुसते पाहण्यासाठी लोकांकडून पैसे घेतले गेले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती सांगणारे बहुतेक जण शाहिराच्या उतारवयातील हालअपेष्टांवर येऊन थांबतात. मैत्री तुटल्याचे दुःख त्याचे, कवित्व त्याचे, शोकांतिकाही त्याचीच. पवळा निघून गेली ह्याची नोंद आहे. ती का गेली, तिने पुढे काय गायिले, तिच्या मनाने ह्या व्यवहाराला काय नाव दिले, हे विचारावे असे कोणाला वाटले नाही. तिच्या बाजूने कोणी ‘माणूस’चा अंक काढला नाही. हंसाबाईंना निदान लिहून घेणारा भेटला. जात जितकी खाली, तितके लपविणे पक्के.

किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ह्या दृष्टीने वाचावे. शिकून मास्तरीण होऊ पाहणारी शांता बापाच्या हट्टाने बोर्डावर उभी केली जाते. चिरा उतरविण्याच्या प्रथेने तिच्यावर पैसेवाल्याचा हक्क लागतो. पुढे एका पुरुषाच्या शब्दावर विसंबून ती नाच सोडते, लेकराला मागे ठेवते, आणि त्याच्या गावात अशी राहते की ती तिथे आहे हे सर्वांना ठाऊक असते पण तिला बायको म्हणणारे कोणी नसते. हंसाबाईंचा वाडा आणि शांताबाईंचे ते घर ह्यांत अंतर फक्त भिंतींच्या उंचीचे आहे. पण काळ्यांनी एक मोठे काम केले. आईचे नाव त्यांनी स्वतःच्या नावात घातले. जे नाव लपवायचे होते ते मुखपृष्ठावर आणले. दलित आत्मकथनाने मराठी साहित्याला दिलेल्या मूल्यांत ह्या एका कृतीची किंमत मोठी आहे.

४

आता आपल्याच घराकडे वळले पाहिजे. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर भाषण केले आणि ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले. बापूरावांनी देऊ केलेला पैसा त्यांनी घेतला नाही, कारण तो आपल्याच बायांना नाचवून आलेला होता. ह्या नकारामागील मूल्य निर्विवाद आहे. शोषणाच्या पैशावर मुक्तीची लढाई होत नाही.

परंतु त्या नकाराचा अर्थ आपण पुढे सोयीने लावला. बाईने बोर्ड सोडला, म्हणजे तिने गळाही सोडला पाहिजे असे धरून चाललो. आंबेडकरी जलशाने तमाशाचे रूप घेतले, त्यात नवा आशय भरला, पण बाईची पात्रे पुरुषच करीत राहिले. तमाशातून सुटलेल्या गुणी बाईला चळवळीच्या मंचावर जागा करून देण्याचे काम राहून गेले. मग ती गेली कुठे? घरात गेली. अब्रूने राहिली, आणि विसरली गेली. बाबासाहेबांनी तिला अपमान सोडायला सांगितले होते, कला पुरून टाकायला सांगितले नव्हते.

मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ साली आले. शाहिराची मुलगी, स्वतः कवयित्री, आणि ज्याच्या कवितेने आपल्या साऱ्या पिढीला उभे केले त्या नामदेव ढसाळांची पत्नी. घरातील मारहाण आणि मानहानी तिने लिहिली. तेव्हा आपल्यातील अनेकांनी विचारले, ‘हे आत्ताच कशाला? शत्रूच्या हाती कोलीत कशाला?’ पांढरपेशांनी हंसाबाईंना ‘धीट’ म्हणून टाळले, आपण मल्लिकाबाईंना ‘चळवळीची बदनामी’ म्हणून टाळले. पुस्तक वर्षानुवर्षे मिळेनासे झाले. ढसाळांची कविता मोठी आहे आणि मोठी राहील. पण कवितेच्या मोठेपणाने घरातील तक्रार खोटी ठरत नाही. हा निकष आपण बापूरावांना लावणार असू, तर आपल्याही माणसांना लावावा लागेल.

आपण पाठीशी उभे राहू शकतो हेही आपणच दाखविले आहे. कबीर कला मंचाची शाहीर शीतल साठे २०११पासून भूमिगत होती. २ एप्रिल २०१३ रोजी ती आणि सचिन माळी विधानभवनासमोर उघडपणे येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासाठी माणसे जमली, समित्या झाल्या. ते लपणे शासनाच्या भीतीने होते, म्हणून त्याला राजकीय म्हटले गेले. नवरा, मित्र, मालक, चाहता यांच्या भीतीने बाई लपते तेव्हा मात्र आपण त्याला ‘खासगी बाब’ म्हणतो. एखाद्या बाईचे गाणे बंद पडले, तर ते वॉरंटने पडले की पाळतीने, ह्याने तिच्या गाण्याला काय फरक पडतो?

५

पाळत हा आता कायद्यातही गुन्हा आहे. २०१३ साली भारतीय दंडविधानात कलम ३५४ड आले. स्त्रीची इच्छा नसताना तिचा वारंवार पाठलाग करणे, तिच्यावर नजर ठेवणे हा दंडनीय अपराध ठरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये तो आहे. हंसाबाईंच्या वेळी हा शब्दच कायद्याला ठाऊक नव्हता. पण कलम आले म्हणून बोर्डाखालची नजर बदलली असे नाही. २०२३ साली एका लावणी-नर्तिकेचे कपडे बदलतानाचे चित्रण चोरून करून पसरविले गेले. पुण्यात गुन्हा नोंदला गेला, आणि त्याच वेळी लोक चर्चा करीत होते तिच्या नाचाच्या सभ्यतेची.

कायदा शेवटी एका ठाण्याच्या टेबलावर येऊन थांबतो. भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी नावाजलेले गाव. ह्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत चालते. खडी गंमतीत बाईचे सोंग पुरुष घेतो आणि गाव ते रात्रभर कौतुकाने पाहते. त्याच आंधळगावच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत खैरलांजी आहे. भोतमांगे कुटुंबातील बायांनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली. ज्याच्या बाजूने दिली त्या नातलगाशी असलेल्या संबंधाविषयी गावाने कुजबुज उठविली. त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, कुटुंबातील चौघे मारले गेले. ठाण्याला वर्दी मिळूनही वेळेवर हालचाल झाली नाही. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० साली उच्च न्यायालयानेही ह्या हत्याकांडाला ॲट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही.

खैरलांजीच्या बाया कलावंत नव्हत्या, आणि दोन्ही प्रसंग एका मापाचे नाहीत. तिथे जातीने माणसे मारली, इथे एक बाई कोंडली गेली. तरीही एक धागा समान आहे. बाईने सांगितले, की आधी तिचे चारित्र्य तपासायचे आणि मग तिचे म्हणणे ऐकायचे की नाही ते ठरवायचे, ही रीत दोन्हीकडे तीच आहे. समीक्षाही ह्याच रीतीने चालत आली आहे.

म्हणून आपल्या समीक्षेपुढे काम स्पष्ट आहे. कलावंत स्त्रियांची आत्मकथने ‘धीट’ म्हणून कपाटात ठेवण्याऐवजी जबानी म्हणून वाचावी लागतील. कोणाचे नाव गाळले, कोणती घटना रूपांतरात वगळली, कोणाचे दुःख शोकांतिका ठरले आणि कोणाचे बदनामी, ह्याची नोंद ठेवावी लागेल. ज्या गावांत जुन्या मुरळ्या, फडातल्या बाया, जलशाच्या काळातील गाणाऱ्या आजही आहेत, तिथे आपल्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी वही घेऊन बसावे. त्या जे सांगतील ते त्यांच्या बोलीत, त्यांच्या नावाने किंवा त्यांना हवे असेल तर नावाशिवाय, लिहून घ्यावे. पवळेसाठी हे कोणी केले नाही. ज्या हयात आहेत त्यांच्यासाठी ते अजून करता येईल.