यमुनाकाठचे कोरे पान

पंतप्रधानाने राजीनामा दिला, की आपल्या घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, 'का दिला?' आणि दुसरा, 'आता कोण?' पहिल्या प्रश्नाला आयुष्य फार थोडे. संध्याकाळचा चहा होईतो तो तग धरतो. रात्रीची पाने मांडीपर्यंत दुसऱ्या प्रश्नाने त्याला गिळून टाकलेले असते. महाराष्ट्रात या दोहोंच्या जोडीला तिसराही एक प्रश्न असतो आणि तो विचारताना आवाज किंचित खाली येतो : 'या खेपेस तरी आपला माणूस?'

मी राजकारणाचा अभ्यासक नव्हे. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना मराठी शिकवतो. परंतु घडलेल्या घटनेची लोक जी गोष्ट करून सांगतात, तीही एक वाङ्मयकृतीच असते. तिला नायक असतो, खलपुरुष असतो, आणि शेवट तर हमखास असतो. तेव्हा अशा एका लोककृतीचे गुणदोष पाहावे आणि तिच्या शेजारी एक छापील पुस्तक ठेवून दोहोंची तुलना करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. घटना आहे १९७९ सालच्या जुलै महिन्यातली, आणि पुस्तक आहे यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ'.

घटना थोडक्यात अशी. मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. सव्वादोन वर्षांत त्या पक्षाचे चिरे निखळू लागले. दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. त्या वादात पुण्याचे मधु लिमये आघाडीवर होते. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत अविश्वासाचा ठराव मांडला. मुंबईच्या कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी सभागृहात सरकारची बाजू हिरिरीने लढवली, आणि अवघ्या काही दिवसांत तेही बाहेर पडले. मतदानाची वेळ येण्यापूर्वीच, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी सरकार बनवता येते का हे पाहण्यासाठी प्रथम यशवंतरावांना पाचारण केले. १९६९ साली बंगळूर येथे राष्ट्रपतिपदासाठी ज्यांच्या नावाला यशवंतरावांनी पाठिंबा दिला होता, तेच हे रेड्डी. असा योग कादंबरीत घातला तर वाचक म्हणेल, लेखकाने ओढूनताणून आणला! पण आकडे जुळले नाहीत. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. इंदिरा गांधींच्या पक्षाने पाठिंबा काढून घेतल्यावर २० ऑगस्टला, लोकसभेला सामोरे न जाताच, चरणसिंगांनीही राजीनामा दिला. लोकसभा विसर्जित झाली. जानेवारी १९८० मध्ये नवे सरकार येईपर्यंत तेच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून राहिले.

आता या घटनेची महाराष्ट्राने कोणती गोष्ट केली? तिचे दोन पाठ आहेत. पहिला पाठ हळहळीचा : दिल्लीचे तख्त हाताच्या अंतरावर आले होते आणि निसटले, पुन्हा पानिपत झाले. दुसरा पाठ टोमण्याचा : हा गृहस्थ जन्मभर कुंपणावर बसला, म्हणून आयत्या वेळी कोणत्याच अंगणात त्याला जागा मिळाली नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी हे दोन्ही पाठ ऐकले आहेत. एकाच ओसरीवर, कधीकधी एकाच माणसाकडूनही. वरकरणी ते परस्परविरोधी वाटतात. तथापि नीट पाहिले तर ते एकच आहेत. दोहोंतही माणसाची परीक्षा एकाच मापाने होते : खुर्ची मिळाली की नाही?

हे माप आले कोठून? माझ्या मते ते आपल्या रंगभूमीवरून आणि ऐतिहासिक कादंबरीतून आले. वारसाहक्काचा पेच हा मराठी मनाचा आवडता विषय. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ चे. नारायणराव पेशव्यांचा खून, राघोबादादांची हाव आणि रामशास्त्र्यांचा निवाडा यांवर ते उभे आहे. कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ चे. त्यात थोरल्या महाराजांच्या घरातला बेबनाव आहे. ही नाटके पाहतच आपल्या पिढ्या वाढल्या, आणि त्यांतली शिकवण वाया गेली असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांतून आपल्या जिभेवर एक शब्द बसला, तो म्हणजे 'वारस'. पंतप्रधान गेला, की वर्तमानपत्रापासून ओट्यापर्यंत सर्वजण वारस शोधू लागतात.

गादीला वारस असतो. खुर्चीला नसतो. राज्यघटनेच्या पंचाहत्तराव्या अनुच्छेदात मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे असे सांगितले आहे. त्यात वारसाचे नाव नाही, आणि उपपंतप्रधानाचेही नाही. १९५८ च्या एप्रिल महिन्यात पंडित नेहरूंनी काही काळ पद सोडण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा त्यांच्या पक्षाने त्यांची मनधरणी करून ती मागे घ्यायला लावली. पोरके होण्याचे भय त्या मनधरणीत होते. प्रत्यक्षात १९६४ साली नेहरू गेले, तेव्हा काय झाले? गुलझारीलाल नंदांनी तेरा दिवस कारभार पाहिला, कामराजांनी सर्वांची मते अजमावली आणि लालबहादूर शास्त्री आले. दीड वर्षाने शास्त्रीजी ताश्कंदला गेले ते परत आले नाहीत. पुन्हा नंदा, आणि मग १९ जानेवारी १९६६ ला पक्षात रीतसर मतदान. इंदिरा गांधींना ३५५ मते, मोरारजींना १६९. येथे कोणी कोणाला मारले नाही, कोणाला किल्ल्यावर डांबले नाही. ज्याला १६९ मते पडली, तोच अकरा वर्षांनी पंतप्रधान झाला. 'भाऊबंदकी'च्या राघोबाला अशी दुसरी निवडणूक नव्हती! नाटकाच्या चष्म्यातून पाहिल्यामुळे हा केवढा फरक आपल्या नजरेतून सुटतो, हे वाचकांनी पाहावे.

एकदा वर्गात एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, पंतप्रधानाने राजीनामा दिला आणि नवा आलाच नाही, तर त्या दिवशी देश कोण चालवतो?" सारा वर्ग हसला. मला मात्र वाटले, आपल्या ओट्यावरच्या चर्चेत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. १९७९ च्या ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत, लोकसभेचा विश्वास एकदाही न मिळवलेल्या सरकारने देश चालवला. आपण मात्र 'आपला माणूस' कसा हुकला, याचीच उजळणी करीत राहिलो.

आता पुस्तकाकडे वळू. 'कृष्णाकाठ' १९८४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव निवर्तले. मराठी राजकीय आत्मचरित्रांत या पुस्तकाची जागा वेगळी आहे. काकासाहेब गाडगिळांचे 'पथिक' मोकळ्या, रोखठोक माणसाचे, एस. एम. जोशींचे 'मी एस. एम.' निर्मळ माणसाचे. 'कृष्णाकाठ' हे सावकाश बोलणाऱ्या माणसाचे पुस्तक आहे. देवराष्ट्र्याचे आजोळ, वडिलांचे अकाली जाणे, विठाईंचे कष्ट, कऱ्हाडची शाळा, तुरुंगातले वाचन, बेचाळीसची चळवळ. लेखक कोठे छाती पुढे काढत नाही आणि कोठे रडत नाही. गरिबीचे वर्णन करताना ती मिरवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. यशवंतरावांना तो झाला नाही, हा त्यांच्या लेखणीचा मोठाच संयम. दोष सांगायचा तर तोही याच संयमाचा. माणसांविषयी लिहिताना ते इतके सौम्य होतात, की कधीकधी मतभेद होता हे कळते, तो किती बोचला हे कळत नाही.

त्यातली शाळेतली एक आठवण प्रसिद्ध आहे. पुढे कोण होणार, असे गुरुजींनी विचारले. इतर मुलांनी थोरामोठ्यांची नावे सांगितली; या मुलाने स्वतःचेच नाव सांगितले. आम्ही शिक्षक ही गोष्ट मुलांना महत्त्वाकांक्षेचा धडा म्हणून सांगतो. मला तिच्यात निराळेच काही दिसते. त्या मुलाला कोणाचाही वारस व्हायचे नव्हते. आणि नियतीचा खेळ असा, की पुढे जन्मभर महाराष्ट्राने त्याला वारसांच्याच यादीत मोजले. नेहरूंनंतर कोण, शास्त्रीजींनंतर कोण, मोरारजींनंतर कोण! १९६२ साली ते संरक्षणमंत्री झाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण अभिमानाने म्हणालो. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र अशी मोठमोठी खाती त्यांनी सांभाळली. पण आपल्या हिशेबात ही सर्व खाती म्हणजे जिन्याच्या पायऱ्याच राहिल्या. अर्थमंत्री म्हणून त्यांनी काय केले, हे विचारले तर आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबते. त्यानंतर मुंबईच्या दिवसांचे 'सागरतीर' आणि दिल्लीच्या दिवसांचे 'यमुनाकाठ', असे आणखी दोन खंड लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. तो पुरा झाला नाही. म्हणजे ज्या चार दिवसांविषयी महाराष्ट्र सर्वांत अधिक बोलला, त्या दिवसांचे पान कोरेच राहिले. मृत्यूने लेखणी काढून घेतली, तिथे लेखकाला दोष देता येत नाही. परंतु वाचकाचे नुकसान व्हायचे ते झालेच. मधु लिमयांनी जनता पक्षाच्या त्या प्रयोगावर मोठा ग्रंथ लिहिला. पण तो इंग्रजीत, आणि त्यांच्या बाजूने. ज्याने ठराव मांडला, त्याची बाजू त्याच्याच मराठीत आपल्याला वाचायला मिळाली नाही.

त्या पानावर मला काय वाचायचे होते? खुर्ची का हुकली, हे नव्हे. ते आकड्यांनी सांगितलेच आहे. मला वाचायचे होते ते असे : ज्या विरोधी नेत्याने एका सरकारला लोकसभेत जाब विचारला, तोच महिन्याच्या आत लोकसभेला कधीच सामोऱ्या न गेलेल्या सरकारात दुसऱ्या क्रमांकावर बसला; तेव्हा त्याच्या मनात काय चालले होते? देशाला सरकार हवे म्हणून तो बसला, की मित्रांच्या आग्रहास्तव, की आता मागे फिरता येत नाही म्हणून? या प्रश्नाचे उत्तर कोणतेही असो, ते 'कृष्णाकाठ' लिहिणाऱ्या प्रामाणिक माणसाने दिले असते तर ओसरीवरचे दोन्ही पाठ त्यापुढे फिके पडले असते. लिहिलेले पान नसले, की त्या जागी दंतकथा येऊन बसते. आणि दंतकथेला उलट प्रश्न विचारता येत नाही.

'आपला माणूस' शोधण्याच्या नादात आपण काय हरवतो, याचे आणखी एक उदाहरण देऊन आवरते घेतो. १९९१ साली पुन्हा एकदा महाराष्ट्राच्या आशा पालवल्या, शरद पवारांचे नाव पुढे आले, आणि पंतप्रधान झाले नरसिंह राव. पुन्हा हळहळ! पण हे राव कोण? १९८४ आणि १९८९ मध्ये आपल्या रामटेकने लोकसभेवर निवडून दिलेले. उत्तम मराठी जाणणारे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेणारे. हरिभाऊंचा अनुवादक देशाचा पंतप्रधान झाला, आणि मराठी वाचकाने पेढे वाटले नाहीत. १९९६ च्या मे महिन्यात पराभवानंतर त्यांनी राजीनामा दिला, तेव्हाही चर्चा एवढीच : आता कोण? पुढे रावांनी इंग्रजीत कादंबरी लिहिली, 'द इनसायडर'. गंमत म्हणजे तीही सर्वोच्च पदाच्या अलीकडेच थांबते. दिल्लीचे पाणी असे काही आहे, की त्याच्या काठावर लेखणी कोरडी पडते.

म्हणून या दिवाळीत एक सुचवावेसे वाटते. फराळ झाल्यावर, दुपारच्या निवांत वेळी, घरातल्या मुलांना 'कृष्णाकाठ'मधली दोन-चार प्रकरणे वाचून दाखवावीत. भाषा सोपी आहे, चित्रे जिवंत आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही ती कळतील. पुस्तक संपल्यावर मूल विचारील, "मग पुढे काय झाले?" तेव्हा 'ते पंतप्रधान होता होता राहिले' असे उत्तर देऊ नये. त्यांनी कोणती खाती सांभाळली, कोणता ठराव मांडला, त्या सरकारने लोकसभेला तोंड का दिले नाही, हे आपल्याला ठाऊक असेल तेवढे सांगावे. उरलेले मुलासोबत शोधावे. पुढच्या वेळी कोणी पंतप्रधान राजीनामा देईल, तेव्हा त्या घरात तरी 'का दिला?' हा प्रश्न रात्रीच्या जेवणापर्यंत टिकेल.